हळदीच्या ओव्यांचा श्रोता

माझ्या ब्लॉगवर कोणी कमेंट टाकली की मी ती लगेच वाचत नसे. आधी चहा टाकायचो, चष्मा पुसायचो, मग खुर्ची ओढून बसायचो. कमेंट इतक्या क्वचित यायच्या की एकेक पुरवून वाचावी लागे.

'आडवाटेची गाणी' हे ब्लॉगचं नाव. राहुरीला विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी झाली, निवृत्त झालो आणि देवळाली प्रवरातल्या आमच्या घरी कॅसेटींची खोकी उघडून बसलो. कुठल्याशा बँडवाल्यांनी स्वतःच पैसे घालून काढलेली कॅसेट, बंद पडलेल्या तंबू टॉकीजमध्ये मध्यंतराला वाजणारी धून, बल्गेरियातल्या बायकांचं कापणीचं गाणं, एका आंधळ्या मास्तरांचं पायपेटीवादन. बाजारात ज्याला कोणी विचारत नाही ते मला आवडतं. का आवडतं हे मात्र नीट सांगता येत नाही. म्हणून मी बाकीचं सगळं सांगतो. ध्वनिमुद्रण कुठे झालं, कोणत्या यंत्रावर झालं, मागे कसला आवाज येतोय. गाण्याबद्दलचं माझं मत चुकू शकतं. मागे कुत्रं भुंकतंय, हे चुकत नाही. एवढ्याच आधारावर मी आजवर लिहीत आलो.

माझी बायको लीना म्हणते, "तुमचा ब्लॉग म्हणजे पंचनामा आहे. गाणं कुठं पडलं होतं, तोंड कुठल्या दिशेला होतं."

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं शिंगणापूरला दर्शनाला गेलो होतो. गर्दी फार होती. दर्शन झाल्यावर लीनाला जरा सावलीत बसायचं होतं, म्हणून आम्ही मुख्य रस्ता सोडून शेताकडच्या एका वस्तीवर गेलो. तिथे एका घरातून जात्याची घरघर ऐकू आली आणि तिच्यावर एका बाईचा आवाज. मी थांबलो. आवाज गोड नव्हता. ओळीच्या शेवटी तो एकदम खाली उतरायचा, विहिरीत बादली सोडावी तसा, आणि तिथेच क्षणभर थांबायचा. असं वळण मी कधी ऐकलं नव्हतं.

"आत जा की," लीना म्हणाली.

"असं कसं जायचं? ओळख ना पाळख."

"अहो, चौकटीला दार नाही तरी बाहेर उभे. दार असतं तर गावाबाहेर उभे राहिला असता."

शेवटी तीच पुढे झाली. आत तिशीची एक बाई हळद दळत होती. तिचं नाव रुपाली. शेजारच्या घरी लग्न होतं. हळद आता गिरणीतूनच येते, पण पाच मुठी तरी जात्यावर दळायच्या, असं त्या घरच्यांनी सांगितलेलं. तिला जुन्या ओव्या येतात म्हणून तिच्याकडे काम आलेलं. तिचा नवरा सुनील मंदिराच्या वाटेवर तेलाच्या बाटल्या आणि रुईच्या पानांच्या माळा विकायचा. तो तेव्हा घरात नव्हता.

मी चाचरत विचारलं, मोबाईलवर रेकॉर्ड केलं तर चालेल का. तिनं जातं थांबवलं.

"करा. पन नाव नका टाकू काका. फोटू बी नको."

"मुळीच नाही," मी म्हणालो. आडनावही विचारलं नाही. छापायचंच नाही तर विचारायचं कशाला?

तिनं समजावून सांगितलं. हळदीच्या ओवीत आधी लग्नघरच्या माणसांची नावं घ्यायची आणि मग गाणारीनं स्वतःच्या भावाचं नाव घ्यायचं. भावाचं नाव घेतल्याशिवाय ओवी पुरी होत नाही.

"आणि जिला भाऊ नाही तिनं?" लीनानं विचारलं.

"ती देवाचं घेती. मला हाय भाऊ." असं म्हणून तिनं खुंटा धरला आणि गायली:

मांडवाला मेढी, उंबराची फांदी
कानिफदादा माझा, नारळ वर बांधी

घरी येऊन मी ते ध्वनिमुद्रण ब्लॉगवर चढवलं. 'गाणाऱ्या बाईंच्या इच्छेवरून त्यांचं नाव देत नाही' हे वाक्य पहिलंच लिहिलं आणि वाक्य लिहिताना बरं वाटलं. पुढे नेहमीसारखं सगळं लिहिलं. जागा शिंगणापूरजवळची वस्ती. घराला दार नसल्यामुळे बाहेरचे आवाज थेट आत येतात. दुसऱ्या ओवीनंतर लांबून जो कर्णा ऐकू येतो तो वाहनतळाचा. ओव्याही ऐकून लिहून काढल्या, भावाच्या नावासकट.

महिनाभर नेहमीची शांतता होती. मग संक्रांतीच्या सुमाराला कमेंट आली. लिहिणाऱ्यानं नाव म्हणून फक्त 'के. एन.' एवढंच टाकलेलं.

'आवाज लई भारी. बाई कुठल्या?'

मी लिहिलं, 'मूळच्या कुठल्या ते विचारायचं राहिलं, क्षमस्व. बोलण्यावरून पाथर्डीकडच्या वाटल्या.'

दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. 'वळन बराबर वळखलं तुमी. आमच्याकडचंच हाय. जातं कसलं हाय? आवाज बारीक येतो.'

जात्याच्या आवाजाबद्दल मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी परिच्छेदभर उत्तर लिहिलं. काळा दगड, वरची तळी झिजलेली, खुंटा बाभळीचा.

मग पुढचा प्रश्न. 'मधी करकर असा आवाज येतो तो हापश्याचा का?'

तो आवाज मी स्वतः तीनदा ऐकूनही लिहायला विसरलो होतो. मला लाज वाटली आणि आनंदही झाला. 'अगदी बरोबर,' मी लिहिलं. 'वस्तीचा हापसा त्यांच्या घरासमोरच आहे, मोठ्या चिंचेखाली. तुमचे कान फार चांगले आहेत.'

'कान चांगलेच हायेत,' त्यानं लिहिलं.

असा श्रोता मला आयुष्यात मिळाला नव्हता. मी जेवताना त्याच्याबद्दल बोलायचो. "कोणी तरी खेडेगावातला माणूस आहे," मी लीनाला सांगायचो, "पण काय ऐकतो! आपण उगाच समजतो, हे सगळं कोणाला कळत नाही."

"ऐकतो खरं," ती म्हणायची, "पण गाण्याबद्दल कधी बोलत नाही. नुसता विचारत असतो."

"मी तरी कुठे गाण्याबद्दल बोलतो?"

आणि मी जिंकल्यासारखा हसलो.

त्यानंतरची कमेंट मी तिला मोठ्यानं वाचून दाखवली. ती व्हरांड्यात मेथी निवडत बसली होती.

"हे बघ काय पाठवलंय. 'काका, याच्या म्होरली ओवी आयका.' आणि खाली ओवी दिलीय.

धाकली लेक माझी, हळदीचं कांडं
रुपी रुपी म्हनता, दळन माझं सांडं

काय सुंदर आहे! आईनं मुलीवर केलेली. दळणच सांडलं म्हणते."

लीनाच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"तुम्ही तिचं नाव टाकलं होतं?"

"छे! पहिलंच वाक्य आहे ना, नाव देत नाही म्हणून."

"मग ह्याला रुपी कुठून कळलं?"

"ओवीतलं नाव आहे ते. असेल कोणीतरी..." मी बोलता बोलता थांबलो.

"तिनं नाव नको सांगितलं. फोटो नको सांगितलं," लीना म्हणाली. "आणि हा तिला रुपी म्हणतोय. अहो, हापसा कुठं आहे ते तुम्ही ह्याला सांगितलंत."

मी आत जाऊन ते पान काढून टाकलं. पान गेलं, पण त्याचा काही उपयोग नव्हता हे मलाही कळत होतं. ज्याला वाचायचं त्यानं वाचलं होतं. रुपालीचा फोन नंबर आमच्याकडे नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एसटी पकडून आम्ही शिंगणापूरला गेलो. गाडीत मी स्वतःची समजूत घालत होतो. एखादी मावशी असेल, मैत्रीण असेल, तिला आनंदच होईल. लीना खिडकीबाहेर बघत होती.

रुपाली चुलीपाशी होती. आम्हाला बघून हसली. मी मोबाईल काढून त्यात उतरवून ठेवलेली ओवी वाचायला लागलो. 'धाकली लेक माझी' एवढंच म्हणालो आणि पुढची ओळ तिनंच म्हटली, हळू, सूर न लावता. मग तिनं आधी बाहेर पाहिलं, हापश्याकडे.

"आईची हाय," ती म्हणाली. "माझ्यावर केल्याली. आमच्या घराभाईर ही कुनाला ठाव न्हाई."

"मग के. एन. म्हणजे..."

"कानिफनाथ. थोरला भाऊ."

"त्यांना भेटायचं असेल तुम्हाला," मी म्हणालो. मला अजूनही तसंच मानायचं होतं.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. तेवढ्यात सुनील आला. स्टॉलवर कोणीतरी दोघं येऊन त्याच्या बायकोबद्दल विचारून गेल्याचं सांगायला तो धावत आला होता. त्यानं डोक्यावरची टोपली उतरवली तेव्हा मला दिसलं, त्याचा डावा हात मनगटापासून नीट वळत नव्हता.

"बगा त्याच्या हाताकडं," रुपाली म्हणाली. "आमी पळून लगीन केलं. त्यांच्यात आन आमच्यात चालत न्हाई. नगरात राहत हुतो, तिथं दादा आला. कोयता मानंवर टाकला हुता, ह्यांनी हात आडवा घातला. जाताना म्हनला, आता हात मधी येनार न्हाई असा यीन."

लीना सुनीलच्या हाताकडे बघत होती.

"आणि त्याचं नाव तुम्ही ओवीत घेतलंत?" माझ्या तोंडून गेलं. विचारायला नको होतं.

"मंग कुनाचं घेऊ?" ती म्हणाली. "एकच भाऊ हाय."

सुनील गाठोडं बांधायला लागला होता. लीनानं पोलिसांचं नाव काढलं.

"गेल्तो एकडाव," तो म्हणाला. "त्यांनी समजूत घालाया भावालाच बोलावनं धाडलं. आमचा पत्ता त्याला तितंच कळला."

"पण दार नसलेल्या घरात का राहिलात?" लीना म्हणाली.

"हितं समदेच उगडे राहत्यात काकू," रुपाली म्हणाली. "लपल्यालं मानूस हितं कोन शोधाया यील, असं वाटलं."

मी विचारलं, "आता कुठे जाणार?"

सुनीलनं गाठ मारली आणि प्रथमच माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुमी नका इचारू काका. तुमाला कळलं की तुमी लिवनार."

तो रागानं बोलला नाही. म्हणूनच ते अजून कानात आहे. अर्ध्या तासात एक टेम्पो आला, ती दोघं हौद्यात तेलाच्या डब्यांमागे बसली आणि गेली. टेम्पो कोणत्या रस्त्यानं वळतो ते मी मुद्दाम पाहिलं नाही. जातं तिथेच राहिलं. त्याच्या कडेला थोडी पिवळी भुकटी होती.

कानिफनाथ आमच्याकडे त्याच आठवड्यात आला. माझा पत्ता ब्लॉगवर पहिल्या दिवसापासून आहे, कोणाला जुनी कॅसेट पाठवायची असली तर असावा म्हणून. दुपारी फाटकापाशी पांढरी गाडी थांबली. दोघं जण गाडीतच बसून राहिले. एक उतरला. चाळिशीचा, स्वच्छ कपडे, कपाळाला गंध. आत येऊन तो माझ्या पाया पडला.

"काका, मी के. एन."

लीना स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्या खुर्चीमागे उभी राहिली.

"काकू, पानी मिळंल?" तो म्हणाला. खाली सतरंजीवर बसला आणि भिंतीपासून छतापर्यंत लावलेल्या कॅसेटी बघायला लागला. "अबब! एवढं समदं ऐकलंय तुमी?"

"बरंचसं."

"मंग तुमचं कौतुक करायला पायजे. मावशीच्या मोबाईलवर कुनीतरी धाडलं, जुनी हळदीची गानी म्हनून. मी गाडी चालवत हुतो. वळन आईचं आन आवाज रुपीचा. गाडी कडंला घ्यावी लागली काका."

तो हे खरं बोलत होता. मला ते कळलं आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

"शिंगनापूरला जाऊन आलो," तो म्हणाला. "हापसा सापडला, चिंच सापडली. घर रिकामं. चुलीत इस्तू हुता. तुमी लई बारीक लिवता, पत्ता सांगायची गरज पडत न्हाई."

"ती कुठे गेली ते मला माहीत नाही."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग मान हलवली. "खरं हाय. तुमाला खोटं बोलाया येत न्हाई."

त्यानं खिशातून एक कॅसेट काढून माझ्यासमोर ठेवली. साधी, वर काहीच न लिहिलेली. "आईची हाय. गावातल्या मास्तरनं भरली हुती. दोनी बाजूला ओव्या हायेत, कुनाकडं नसत्याल अशा. तुमाला असलं आवडतं ना? घ्या. कदी रुपीचं कळलं तर मला सांगा, बास."

मला लिहायला संकोच वाटतो, पण हात पुढे जायला निघाला होता. लीनाचा हात माझ्या खांद्यावर आला तेव्हा तो थांबला.

"आई वारली गेल्या साली," तो म्हणाला. "पोरगी तोंड बघाया आली न्हाई."

"आली असती तर परत जाऊ दिलं असतं का?" लीनानं विचारलं.

तो हसला. दात छान होते. "काकू वकील हायेत." मग उठला. कॅसेट उचलली नाही. "राहू द्या. ऐका. आन ब्लॉग बंद करू नका काका. मी ऐकतो. खरंच ऐकतो."

तो गेल्यावर गाडीचा नंबर वहीत टिपता टिपता मी म्हणालो की आजच ब्लॉग बंद करतो. हे सगळं माझ्यामुळेच झालं, मला हे मुळातच करायला नको होतं, मला काय कळतं गाण्यातलं.

"आधी रडून घ्या," लीना म्हणाली, "आणि मग नवीन काहीतरी टाका."

"काय?"

"जोवर तो तुम्हाला विचारतोय तोवर ती त्याला सापडलेली नाही. तुमच्याकडे तेवढीच एक खिडकी आहे. ती बंद करू नका."

म्हणून मी लिहीत राहिलो. बल्गेरियातल्या बायकांचं गाणं टाकलं. संध्याकाळी कमेंट आली, 'ह्या बाया भारी. रुपीचं काय कळलं?' मी उत्तर दिलं नाही, पण जेवण गोड लागलं. एका मूक चित्रपटाच्या पेटीवाल्याची धून टाकली. 'झकास. तिकडचं काय कळलं का?' तंबू टॉकीजची धून टाकली. 'लहानपनी ऐकल्यागत वाटतं. ती कुठं हाय काका?' प्रत्येक वेळी लीना विचारायची, "आला का?" आणि मी म्हणायचो, "आला." मग आम्ही दोघं चहा घ्यायचो. ज्याची एवढी भीती वाटत होती त्याच्याच अक्षरांची आम्ही वाट बघायला लागलो होतो.

लिहिण्याची पद्धत मी बदलली. जागा लिहायची नाही, मागचे आवाज लिहायचे नाहीत. नुसतं गाणं आणि देशाचं नाव. त्यानं तेही हेरलं. 'काका, आजकाल मागलं आवाज लिवत न्हाई तुमी. मजा येत न्हाई.'

एका दुपारी लीना बाहेर गेलेली असताना मी ती कॅसेट लावली. थकलेल्या बाईचा आवाज, तेच उतरतं वळण. मध्येच एक लहान मुलगी तिच्यामागून म्हणायला जाते आणि शेवटी सूर वर नेते. लगेच एका मुलाचा आवाज येतो, "असं न्हाई रुपे, खाली, खाली," आणि तो स्वतः म्हणून दाखवतो. अचूक म्हणतो. मुलगी पुन्हा म्हणते, या वेळी बरोबर. तो म्हणतो, "आता कसं."

मी यंत्र बंद केलं. ज्याला गाण्याचा कान आहे तो माणूस असं काही करणार नाही, अशी माझी आतल्या आत एक समजूत होती. ती मी कधी कोणाला बोलून दाखवली नव्हती. आयुष्यभर मी एवढ्या कॅसेटी बहुधा त्याच समजुतीपायी जमवल्या असाव्यात. त्या दुपारनंतर ती राहिली नाही.

उन्हाळा गेला. पोळा झाला. त्याचे प्रश्न येत राहिले, कधी दोन दिवसांनी, कधी आठवड्यानं. रुपालीकडून काही कळलं नाही आणि कळू नये असंच आम्हाला वाटत होतं. लीना कधीतरी म्हणायची, "असेल कुठंतरी. कुठल्यातरी जात्यावर." आणि मी म्हणायचो, "गात नसली म्हणजे बरं."

दसऱ्याच्या आधी मी पोर्तुगालच्या कोळ्यांचं एक गाणं टाकलं. जाळं ओढताना म्हणायचं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. "कामात असेल," लीना म्हणाली. ती स्वतः उठून दोनदा संगणकाशी जाऊन आली. पुढच्या सकाळी, मी दाढी करत असताना, तिची हाक आली.

'गानं छान हाय काका. आता माझ्यासाठी टाकू नका. काम झालं.'

मी ते तीन वेळा वाचलं. वाक्य बदललं नाही. कसं सापडलं असेल? मी माझ्या सगळ्या नोंदी उघडून बसलो, एकेक शब्द तपासायला लागलो, यातून काही निसटलं का, त्यातून काही निसटलं का. काहीच सापडत नव्हतं, आणि तरी माझाच हात असणार असं वाटत होतं.

"उठा," लीना म्हणाली. तिनं चपला घातल्या होत्या. "नंतर शोधा स्वतःला. आधी ठाण्यात चला."

पोलीस ठाण्यात मी आयुष्यात कधी गेलो नव्हतो. टेबलामागचा हवालदार तरुण होता, तोंडात बडीशेप होती. मी बोलायला सुरुवात केली आणि नेहमीसारखा माझा आवाज बारीक झाला.

"मोठ्यानं बोला आजोबा. बाई राहते कुठं?"

"माहीत नाही."

"बेपत्ता कधीपासून?"

"तेही माहीत नाही. बेपत्ता म्हणजे... ती आधीच लपलेली होती."

"मग माहीत काय आहे तुम्हाला?"

मी सगळं सांगितलं. ओवी, हापसा, सुनीलचा हात, भाऊ, मोबाईलवरची कमेंट. त्यानं कमेंट वाचली, बाजूच्या माणसाला दाखवली.

"'काम झालं.' काय काम? सातबाऱ्याचं काम झालं असेल ह्याचं." दोघं हसले. "आजोबा, ह्याच्यावर काय लिहून घेऊ मी? बाई सज्ञान, नवऱ्याबरोबर गेलेली. तक्रार घरच्या माणसानं द्यायची असते. तुमचं नातं काय?"

ब्लॉगवर इतकी वर्षं मी एकही गोष्ट खोटी लिहिलेली नाही. ज्याची खात्री नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलंय. मागे लीना उभी होती.

"मामा," मी म्हणालो.

हवालदारानं वर पाहिलं. "मग आधी का नाही बोललात? सख्खे?"

"सख्खा."

त्यानं कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. "भाचीचं पूर्ण नाव सांगा."

"रुपाली."

"आडनाव?"

ते मला ठाऊक नव्हतं. त्याचं पेन कागदावर टेकलेलं होतं. बाजूचा माणूसही आता माझ्याकडे बघायला लागला होता. मी खुर्ची टेबलाजवळ सरकवली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"आडनाव नंतर," मी म्हणालो, आणि माझा आवाज मला ओळखू येईना इतका मोठा निघाला. "आधी भावाच्या गाडीचा नंबर लिहून घ्या. पांढरी गाडी आहे. आत्ता, माझ्यासमोर लिहा, आणि नाकाबंदीला फोन लावा."